पट आणि हजर

मराठी शाळेत गेलेल्या प्रत्येकाला वर्गातील फळ्याचा एक कोपरा आठवत असेल. तेथे रोज सकाळी वार, दिनांक आणि इयत्ता लिहिली जाते आणि त्याखाली दोन शब्द येतात : पट आणि हजर. पट म्हणजे हजेरीपत्रकात ज्यांची नावे आहेत अशा विद्यार्थ्यांची संख्या. हजर म्हणजे त्या दिवशी वर्गात प्रत्यक्ष आलेल्यांची संख्या. एरवी हे दोन आकडे एकमेकांच्या शेजारीच नांदतात. कोणाला ताप येतो, कोणी मामाच्या गावी जाते, तेवढाच काय तो फरक. परंतु मराठवाड्यातील काही गावांत दिवाळीची सुट्टी संपून शाळा पुन्हा भरते, तेव्हा पटाचा आकडा होता तेवढाच राहतो आणि हजरचा आकडा एकदम खाली येतो. काही वाड्यावस्त्यांवरील शाळांत अर्धे वर्ग रिकामे दिसू लागतात. हिवाळा सुरू झाल्याची ही त्या शाळेतील पहिली बातमी असते.

भारतात हिवाळा सर्वत्र सारखा नसतो. काश्मीर आणि लडाखमध्ये बर्फामुळे शाळांना दीर्घ सुट्टी असते. दिल्ली आणि उत्तर प्रदेशात दाट धुक्यामुळे शाळेच्या वेळा पुढे ढकलाव्या लागतात. महाराष्ट्रातील थंडी त्या मानाने सौम्य असते. शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. पहिले सत्र दिवाळीपर्यंत चालते आणि दुसरे सत्र दिवाळीनंतर परीक्षेपर्यंत. म्हणजे हिवाळा हा येथे शाळेचा ऐन भराचा काळ. सकाळी परिपाठ पटांगणातील कोवळ्या उन्हात होतो आणि एखादे गुरुजी गणिताचा तासही तेथेच घेतात. सहली निघतात, क्रीडास्पर्धा होतात, स्नेहसंमेलनाची तालीम सुरू होते. ३ जानेवारीला सावित्रीबाई फुले यांची जयंती येते, संक्रांतीला तिळगूळ वाटला जातो, २६ जानेवारीला प्रभातफेरी निघते. साधारण फेब्रुवारीत शिष्यवृत्तीची परीक्षा असते. शाळेच्या भित्तिपत्रकावर या सर्व घडामोडींच्या बातम्या मुले स्वतःच्या अक्षरात लिहून लावतात. ज्यांना शाळेचे दिवस मनापासून आठवतात, त्यांच्या आठवणी बहुधा याच तीन-चार महिन्यांतील असतात.

नेमक्या याच दिवसांत वर्तमानपत्रांत आणखी एका प्रकारची बातमी वारंवार छापून येते. अमुक साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा शुभारंभ, गव्हाणीत उसाची मोळी टाकून पूजन, मान्यवरांची उपस्थिती. गळीत हंगाम म्हणजे ऊस गाळून साखर तयार करण्याचा हंगाम. फळ्यावरील घटलेला आकडा आणि ही बातमी यांचा संबंध सहसा कोणी जोडून दाखवत नाही. पण तो संबंध अगदी थेट आहे. तो समजण्यासाठी प्रथम उसाकडे पाहिले पाहिजे.

ऊस हे उष्ण आणि दमट हवेत जोमाने वाढणारे पीक आहे. उन्हाळ्यात व पावसाळ्यात तयार होणारी बरीचशी साखर रोप स्वतःच्या वाढीसाठी खर्च करते. हवा कोरडी व थंड झाली की वाढ मंदावते आणि साखर कांड्यांमध्ये साठू लागते. म्हणून हिवाळ्यातील ऊस अधिक गोड असतो आणि त्याचा उतारा, म्हणजे उसाच्या वजनाच्या मानाने मिळणारी साखर, चांगला पडतो. सर्वसाधारणपणे शंभर किलो उसापासून दहा ते बारा किलो साखर मिळते. यात थोडीशी वाढ झाली, तरी कारखान्याच्या दृष्टीने ती फार मोठी असते.

दुसरी गोष्ट अशी की, तोडलेला ऊस ठेवून देता येत नाही. तोड झाल्यापासून त्यातील साखरेचा ऱ्हास सुरू होतो आणि वजनही घटते. तो शक्यतो एका दिवसात गाळला जावा लागतो. गव्हाण रात्रंदिवस चालू असते, म्हणून फडातील तोडणीही रोज चालूच राहिली पाहिजे. एकदाच मोठी तोडणी करून मजुरांनी घरी परतावे, अशी सोय या पिकात नाही. तोडणाऱ्या माणसांना चार ते सहा महिने कारखान्याच्या परिसरात मुक्काम करावा लागतो. ज्वारी किंवा हरभरा यांच्या काढणीसाठी गावोगाव घरे रिकामी होत नाहीत आणि उसासाठी होतात, त्याचे एक मोठे कारण हे आहे.

महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारीचा प्रारंभ अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील लोणी येथे प्रवरा कारखान्याने झाला. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून उभ्या राहिलेल्या या कारखान्यात १९५० मध्ये गाळप सुरू झाले. पुढील दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग उभी राहिली. पाटबंधाऱ्यांच्या पाण्यावर ऊस तेथे पिकू लागला. तोडणारे हात मात्र पाणी नसलेल्या मुलखातून आले. बीड जिल्ह्यातील पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, आष्टी हे तालुके आणि शेजारचा पाथर्डी हा भाग पर्जन्यछायेत येतो. बालाघाटच्या डोंगररांगांतील हलक्या जमिनीत खरिपाचे एक पीक हाती लागले तर लागले. त्यानंतर गावात काम नसते. १९७२ च्या दुष्काळासारख्या आपत्तींनी ही वाट अधिक रुळली. दसरा-दिवाळी उरकली की या गावांतील कुटुंबे कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर या जिल्ह्यांकडे आणि कर्नाटकातील बेळगावकडेही निघतात.

या कामाची स्वतःची परिभाषा आहे, आणि ती बोलकी आहे. नवरा-बायको मिळून कामाचे एक एकक मानले जाते. त्याला ‘कोयता’ म्हणतात. अशा अनेक कोयत्यांची टोळी होते आणि टोळीचा प्रमुख तो मुकादम. हंगामापूर्वी, बहुधा पावसाळ्यातच, मुकादमाकडून आगाऊ रक्कम घेतली जाते. तिला ‘उचल’ म्हणतात. लग्न, आजारपण, बियाणे, जुने कर्ज यांत ती खर्च होऊन जाते आणि नंतर उसाच्या टनामागे ठरलेल्या दराने तोडणी करून ती फेडावी लागते. कामावर न जाता एक दिवस गेला, तर त्याला ‘खाडा’ म्हणतात आणि त्याचे पैसे कापले जातात. कोयता या शब्दात दोन माणसे आहेत, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. एकट्या बापाला कामावर जाऊन आईला मुलांजवळ ठेवता येत नाही. आजी-आजोबा धडधाकट असतील तर मुले त्यांच्याकडे राहतात. नसतील तर ती बैलगाडीत किंवा ट्रकमध्ये संसाराच्या भांड्यांबरोबर चढतात. बालमजुरी करायला लावण्याचा आईबापांचा हेतू असतोच असे नाही. घराला कुलूप लावले की मूल आत ठेवता येत नाही, एवढे साधे कारण पुरेसे असते.

लहान मूल बरोबर गेले तर ते आईच्या मागे फडाच्या बांधावर बसते. सहावी-सातवीच्या वयाचे मूल मात्र कामाला उपयोगी पडते, आणि म्हणूनच मधल्या टप्प्यातील शिक्षणाला या स्थलांतराची झळ सर्वाधिक लागते. उसाच्या पाचटाने किंवा चटईने शाकारलेल्या झोपडीला ‘कोपी’ म्हणतात. आईबाप पहाटे अंधारातच फडात जातात. मागे राहिलेली बारा वर्षांची मुलगी पाणी भरते, भाकरी थापते आणि धाकट्या भावंडांना सांभाळते. मुलगा उसाची हिरवी वाढी गोळा करतो, बैलांना चारतो किंवा आईने बांधलेल्या मोळ्या उचलायला हात लावतो. ऊस भरण्यासाठी ट्रक कधी मध्यरात्री येतो. तेव्हा मोठी माणसे उठून जातात आणि कोपीत पुन्हा तीच मुलगी जागी असते. ज्या आठवड्यात तिच्या वर्गमैत्रिणी स्नेहसंमेलनाच्या नाचाची तालीम करतात, त्या आठवड्यात तिची दिनचर्या ही अशी असते. भित्तिपत्रकावर ही बातमी लागत नाही, कारण ती लिहिणारी मुलगीच गावात नसते.

शाळेतील नुकसान केवळ दिवसांच्या हिशेबाने मोजता येणार नाही. प्राथमिक वर्गांत एखादा धडा राहिला तर तो पुढे भरून काढता येतो. उच्च प्राथमिक वर्गांतील विषय एकावर एक रचलेले असतात. अपूर्णांक पक्के नसतील तर टक्केवारी कळत नाही. टक्केवारी कळली नाही तर नफा-तोटा आणि व्याज अडते. उचलीचा आणि टनांचा हिशेब ज्या गणिताने तपासता येतो, तेच गणित दुसऱ्या सत्रात हातून निसटते, हा यातील मोठा दैवदुर्विलास आहे. कर्नाटकात गेलेल्या मुलांपुढे आणखी एक अडचण उभी राहते : जवळच्या शाळेतील फळ्यावर कन्नड अक्षरे असतात. मार्च-एप्रिलमध्ये गावी परतलेले मूल वर्गात बसते, पण गुरुजी काय शिकवतात ते त्याला कळत नाही. असे दोन-तीन हिवाळे गेले की ते जूनमध्येही शाळेत येईनासे होते. गळती म्हणतात ती अशी होते. एका दिवसात कोणी शाळा सोडत नाही.

यावर उपाय झालेच नाहीत, असे मात्र नाही. कारखान्याच्या परिसरात ‘साखरशाळा’ उघडण्यात आल्या. कोप्यांच्या तळाजवळ एखाद्या शेडमध्ये हंगामापुरती चालणारी ही शाळा. तिने अनेक मुलांच्या हातातली पाटी सुटू दिली नाही. परंतु टोळ्या एका फडावरून दुसऱ्या फडाकडे सरकत राहतात आणि शाळा एका जागी राहते. शिवाय मूल तळावर आले की कामही त्याच्या जवळ येते. २००९ मध्ये बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या प्रत्येक बालकाला त्याने शिक्षणाचा अधिकार दिला. स्थलांतरित कुटुंबांतील मुलांना प्रवेश मिळेल याची जबाबदारी कायद्याने स्थानिक प्राधिकरणावर टाकली. दाखला मिळण्यास उशीर झाला, एवढ्या कारणावरून नवी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. शाळेपासून तुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून विशेष प्रशिक्षण द्यावे, असेही त्यात सांगितले आहे. महाराष्ट्रात याला जोडून शिक्षण हमी पत्रकाची पद्धत आली. गाव सोडणाऱ्या मुलाजवळ हे पत्रक असते. ते दाखवले की मुक्कामाच्या ठिकाणच्या शाळेने त्याला वर्गात बसवून घ्यायचे. कागद चांगला आहे. मात्र फडापासून शाळा लांब असेल आणि मुलाला तेथे पोहोचवायला कोणी मोकळे नसेल, तर तो आईच्या पत्र्याच्या पेटीतच राहतो.

या सर्व उपायांत अधिक शहाणपणाचा उपाय हंगामी वसतिगृहाचा म्हणावा लागेल. आईबाप जातात, मूल गावातच राहते. शाळा व्यवस्थापन समितीच्या देखरेखीखाली सुमारे सहा महिने मुलांच्या राहण्या-जेवणाची व्यवस्था केली जाते. दुपारचे जेवण शाळेत मिळतेच. सकाळ-संध्याकाळचे वसतिगृहात मिळते. मुलाचे गुरुजी, वर्ग, सवंगडी बदलत नाहीत. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाने शासकीय वसतिगृहांची योजना मंजूर केली. या व्यवस्थेचे यश मात्र एका अगदी साध्या गोष्टीवर अवलंबून असते, आणि ती म्हणजे तारीख. टोळ्या दसरा-दिवाळीच्या सुमारास निघतात. वसतिगृह त्याआधी सुरू झाले पाहिजे. ट्रक गेल्यानंतर पंधरा दिवसांनी उघडलेल्या दाराचा त्या मुलांना काही उपयोग नसतो. मुलींच्या बाबतीत आईबापांना आणखी एक खात्री हवी असते : रात्री तेथे कोण असेल? ओळखीची एखादी बाई मुक्कामाला असेल, दाराला कडी असेल आणि स्वच्छतागृह आवारातच असेल, तर मुलीला मागे ठेवण्याचा धीर होतो. नाहीतर ती बरोबर जाते, आणि अनेकदा तिचे लग्नही लवकर उरकले जाते. अशा घरांतील आया शिक्षणाला विरोध करतात, असे म्हणणे अन्यायाचे आहे. त्या सुरक्षिततेचा विचार करत असतात.

अलीकडे काही फडांत ऊस तोडणारी यंत्रे दिसू लागली आहेत. कोयत्यांची मागणी त्यामुळे कमी झाली, तरी बालाघाटावर दुसरे काम निर्माण होईपर्यंत ही कुटुंबे कुठल्या तरी वाटेने बाहेर पडतीलच.

ऊस संपत आला की कारखान्याचा पट्टा पडतो, म्हणजे गाळप थांबते. हिशेब होतात. काहींची उचल फिटते, काहींची पुढच्या वर्षावर जाते. गुढीपाडव्याच्या सुमारास गाड्या गावात परत येऊ लागतात. कोप्यांत वाढलेली, उन्हाने रापलेली मुले एकेक करून वर्गाच्या दारात येऊन उभी राहतात. काही आत येतात, काही दारातूनच मागे फिरतात. शाळेच्या भिंतीवर स्नेहसंमेलनाची छायाचित्रे अजून लावलेली असतात आणि मुले त्यांत कोण कोण आहे ते पाहतात. फळ्याच्या कोपऱ्यातील हजरचा आकडा रोज एका-दोनने वाढत पटाकडे सरकू लागतो. तोपर्यंत वार्षिक परीक्षेचे वेळापत्रक लागलेले असते.