दोन प्रतींतला ‘सनराइज’

चित्रपट

एफ. डब्ल्यू. मुर्नाउ हा जर्मन दिग्दर्शक फॉक्स चित्रपट कंपनीचे प्रमुख विल्यम फॉक्स यांच्या निमंत्रणावरून हॉलिवूडला गेला. तिथला त्याचा पहिला चित्रपट ‘सनराइज’ २३ सप्टेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कमध्ये प्रदर्शित झाला. कथानक एवढेसेच आहे: शहरातून आलेल्या बाईच्या नादी लागलेला शेतकरी बायकोला पाण्यात बुडवायला निघतो, ऐन वेळी त्याचा हात अडतो आणि शहरात घालवलेल्या एका दिवसात दोघे पुन्हा एकमेकांचे होतात. पहिल्या ऑस्कर समारंभात जेनेट गेनर हिला मिळालेल्या पुरस्कारात बायकोच्या भूमिकेचाही वाटा होता. चार्ल्स रोशर आणि कार्ल स्ट्रस यांना छायाचित्रणाचा पुरस्कार मिळाला. दलदलीवरचे धुके, चंद्रप्रकाश, एकावर एक चढवलेल्या प्रतिमा यांतूनच पात्रांची मनःस्थिती कळते. त्यामुळे प्रत खराब असली की इथे कथाही पुसट होते.

जळालेली निगेटिव्ह

त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती जात्याच ज्वालाग्राही. जळण्यासाठी लागणारा ऑक्सिजन तिच्याच रेणूंत असल्याने पाण्याखालीही ती विझत नाही. जुनी होताना ती कुजते आणि त्यातून निघणारे वायू कोंडले की उन्हाळ्यात आपोआप पेट घेऊ शकतात. ९ जुलै १९३७ रोजी न्यू जर्सीतील लिटल फेरी येथे फॉक्सच्या साठवण-कोठारात हेच घडले. कंपनीच्या मूकपटांचा मोठा भाग त्या आगीत गेला आणि त्यात ‘सनराइज’ची मूळ निगेटिव्हही होती. (पुण्यात २००३ साली नायट्रेट फिल्मच्या साठ्याला लागलेली आग हे याच रसायनाचे आपल्याकडचे उदाहरण.) पुढे शिल्लक पॉझिटिव्ह प्रतीवरून नवी निगेटिव्ह करण्यात आली. प्रतीवरून प्रत काढताना प्रत्येक वेळी बारकावे थोडे विरतात, काळ्या-पांढऱ्यातल्या मधल्या छटा आटतात. अनेक दशके प्रेक्षकांनी पाहिला तो असा विरलेला चित्रपट.

ध्वनिपट्टीची किंमत

‘सनराइज’ हा निव्वळ मूकपट नव्हता. संवाद नसले, तरी ह्यूगो रीझनफेल्ड यांचे संगीत, घंटा आणि गर्दीचा गलका ‘मूव्हिटोन’ पद्धतीने फिल्मवरच मुद्रित केलेला होता. ध्वनीच्या कंपनांनुसार कमीजास्त काळी होणारी एक अरुंद पट्टी चित्राच्या कडेने धावते. प्रक्षेपकातला प्रकाश तिच्यातून जातो आणि त्या चढउतारांचा पुन्हा आवाज होतो. ही पट्टी फिल्मच्या रुंदीतूनच जागा घेते. म्हणून चित्राच्या रुंदी-उंचीचे १.३३ हे प्रमाण सुमारे १.२० वर आले, चौकट जवळजवळ चौरस झाली. मात्र आवाजामुळे एक गोष्ट निश्चित झाली: फिल्मचा वेग सेकंदाला २४ चौकटी. मूकपटांच्या बाबतीत हा वेग अनेकदा अंदाजानेच ठरवावा लागतो.

चेक प्रत

ध्वनियंत्रणा नसलेल्या चित्रपटगृहांसाठी मूक आवृत्तीही निघाली होती. तिची एक नायट्रेट प्रत, चेक भाषेतील उपशीर्षकपाट्यांसह, प्रागच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात टिकली. ध्वनिपट्टी नसल्याने तिच्यात चित्राची पूर्ण रुंदी आहे आणि ती मूव्हिटोन प्रतीपेक्षा स्पष्टपणे तीक्ष्ण आहे. पण लांबी कमी: मूव्हिटोन आवृत्ती सुमारे ९५ मिनिटांची, ही सुमारे ७९ मिनिटांची. एका प्रतीला आवाज आहे आणि लांबी आहे, दुसरीला रुंदी आहे आणि नजर आहे; दोहोंपैकी एकही मूळ नाही. एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली तेव्हाही ज्ञानेश्वरांच्या काळातील लेखन हाताशी नव्हते, होत्या त्या पाठभेदांनी भरलेल्या पोथ्या. चित्रपटाच्या रिस्टोरेशनचे काम याच जातीचे आहे, फक्त इथे अक्षरांऐवजी चौकटी जुळवायच्या असतात.

स्कॅनिंग आणि स्वच्छता

जुनी फिल्म आकसलेली असते, तिच्या कडेची भोके फाटलेली असतात. म्हणून आधी हाताने दुरुस्ती होते, मग स्कॅनिंग. ओरखड्यांवर ‘वेट-गेट’ हा सुंदर उपाय आहे. फिल्मच्या आधारद्रव्याइतकाच प्रकाश वाकवणारा द्रव ओरखड्यात भरला की प्रकाश तिथे विखुरत नाही आणि ओरखडा दिसेनासा होतो. आधारद्रव्यावरच्या ओरखड्यांना हे लागू. प्रतिमेचा थरच खरवडला गेला असेल, तर द्रवाचा उपयोग नाही. त्यापुढे संगणक: धूळ काढणे, थरथर थांबवणे, प्रकाशाची लुकलुक सारखी करणे. ९५ मिनिटांत सुमारे १ लाख ३६ हजार चौकटी असतात, तेव्हा बरेचसे काम स्वयंचलित प्रणालीकडेच जाते.

धोका इथेच आहे. लगतच्या दोन चौकटींत नसलेला ठिपका म्हणजे धूळ, असे प्रणाली मानते. पाण्यावरची एका क्षणाची चमकही तिला धूळच वाटू शकते. फिल्मच्या पोताचे रवे, ज्यांना ग्रेन म्हणतात, हे तर चित्राचेच द्रव्य. ते पुसले की दलदलीतले धुके साबणाच्या पाण्यासारखे सपाट होते आणि चेहरे मेणाचे वाटतात. जरा जास्त ओरखडे राहिलेले परवडतात. हरवलेला पोत नव्हे.

घरच्या पडद्यावर

डीव्हीडीच्या चित्रात, अमेरिकी मानकानुसार, ७२० गुणिले ४८० बिंदू असतात, ब्लू-रेच्या चित्रात १९२० गुणिले १०८०. फरक केवळ तीक्ष्णतेचा नाही. धुके आणि ग्रेन क्षणोक्षणी बदलतात, त्यामुळे दाबून साठवायला ते सर्वांत अवघड. माहितीचा दर अपुरा पडला की धुक्यात चौकोनी ठिगळे दिसतात. वेगाचाही प्रश्न आहे. युरोपीय डीव्हीडी सेकंदाला २५ चौकटी दाखवते, म्हणजे चित्रपट चार टक्के लवकर संपतो आणि रीझनफेल्ड यांच्या संगीताचा स्वरही किंचित चढतो. ब्लू-रेवर २४ चौकटी जशाच्या तशा राहतात. ब्रिटनमधील ‘मास्टर्स ऑफ सिनेमा’ने २००९ साली काढलेल्या ब्लू-रेवर मूव्हिटोन आणि चेक या दोन्ही आवृत्त्या एकत्र आल्या. दोन्ही पाठ शेजारी ठेवून कोणाही प्रेक्षकाला आपल्या सवडीने ताडून पाहता यावेत, ही सोय चित्रपटगृहाने कधी दिली नव्हती.

मर्यादा

चेक प्रतीतील रुंद, स्वच्छ चित्राला मूव्हिटोनचे संगीत सरळ जोडता येत नाही, कारण लांबी जुळत नाही. मूव्हिटोन प्रतीत ध्वनिपट्टीखाली गेलेली चित्राची कड कोणत्याही स्कॅनरला परत आणता येत नाही. आणि मुर्नाउचा फॉक्ससाठी केलेला पुढचा चित्रपट, १९२८ चा ‘४ डेव्हिल्स’, याची तर एकही प्रत आज उपलब्ध नाही. ‘सनराइज’च्या डीव्हीडीवर त्याच्याविषयीचा एक माहितीपट पुरवणी म्हणून दिलेला आहे, तो छायाचित्रे, रेखाटने आणि पटकथा यांवरच रचावा लागला.