टेप करा, वाटा, विकू नका

● ‘ग्रेटफुल डेड’ हा कॅलिफोर्नियातला रॉक बँड, स्थापना १९६५. दर कार्यक्रमात गाण्यांचा क्रम निराळा, वादन उत्स्फूर्त. त्यामुळे चाहत्यांना प्रत्येक मैफल टेपवर हवी असे.

● ऑक्टोबर १९८४पासून मैफल टेप करणाऱ्या चाहत्यांसाठी साउंडबोर्डच्या (ध्वनिनियंत्रण टेबलाच्या) मागे राखीव जागा असे. तिची तिकिटेही वेगळी.

● नियम : कॅसेटच्या बदल्यात कॅसेट, विक्रीला मनाई.

● सर्वांत गाजलेली टेप : कॉर्नेल विद्यापीठ, ८ मे १९७७. बँडच्या ध्वनितंत्रज्ञ बेटी कँटर-जॅक्सन यांचे हे मुद्रण अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण सूचीत घेतले आहे.

● टेपा जमवणारे डिक लॅटव्हाला पुढे बँडचेच संग्रहपाल झाले. १९९३मध्ये सुरू झालेली ‘डिक्स पिक्स’ ही अल्बममालिका त्यांच्याच नावाची.