अन्नजाळ्यातील प्रजातीचे महत्त्व कसे मोजावे?

कोण कोणाला खातो या संबंधांच्या गुंफणीस अन्नजाळे म्हणतात. बागलाणातील सटाण्याच्या शिवारात उंदीर बाजरी खातो; साप आणि घुबड उंदराला खातात. या जाळ्यातील प्रजातीचे महत्त्व दोन रीतींनी मोजता येते.

१. संबंधगणना : जिला अधिक धागे जोडलेले, ती प्रजाती अधिक महत्त्वाची.

२. लोपाची कसोटी : प्रजाती वगळल्यास उरलेले जाळे किती बदलते, हे पाहणे. वाक्यातून 'नाही' हा लहानसा शब्द वगळला की अर्थ उलटतो, तसेच हे.

दोन्ही रीतींची उत्तरे जुळतीलच असे नाही. गिधाड मृत जनावरांवर जगते; त्याची शिकार करणारे फारसे कोणी नाही. म्हणजे त्याचे धागे थोडेच. परंतु १९९० च्या दशकापासून, डायक्लोफिनॅक दिलेल्या गुरांचे मृत शरीर खाल्ल्याने भारतातील पांढऱ्या पाठीची गिधाडे ९९ टक्क्यांहून अधिक घटली. कलेवरे उघड्यावर कुजू लागली, त्यांवर भटकी कुत्री पोसली गेली आणि रेबीजचा धोका वाढला. २००६ मध्ये या औषधाच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. नाशिक जिल्ह्यातील अंजनेरीचे कडे हा उरलेल्या गिधाडांचा एक आसरा आहे.

सारांश, धाग्यांची संख्या हे महत्त्वाचे एकमेव माप नव्हे.

स्वाध्याय : आपल्या परिसरातील एक प्रजाती निवडून तिला दोन्ही कसोट्या लावा.