आयडलला व्हॅक्यूम कमी का येतो?

अकोल्या-अमरावतीकडे हा प्रश्न नेहमी येतो: "भाऊ, सेन्सर बदलला, इंजेक्टर धुतले, तरी गाडी सिग्नलवर थरथरूनच राहिली." माझं उत्तर एकच. आधी व्हॅक्यूम गेज लावा, खर्च नंतर.

आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो. पिस्टन हवा ओढतात, पण वाट अरुंद. म्हणून मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. चांगल्या इंजिनात समुद्रसपाटीला तो साधारण १७ ते २२ इंच पारा, आणि काटा स्थिर. दर हजार फूट उंचीला एक इंच वजा करा. अकोला-अमरावती हजार फुटांच्या आसपास, म्हणजे एक इंच कमी. चिखलदरा साडेतीन हजारांच्या वर. तिथे १५ इंच आले तर काळजी नाही. तेच अकोल्यात आले तर तपासणी हवी.

आता गंमत बघा. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीत इंजिन अशक्त झालं की आरपीएम पडायचा. इंजेक्शनच्या गाडीत कॉम्प्युटर आयडल व्हॉल्व्हमधून जास्त हवा सोडून आरपीएम धरून ठेवतो. मीटर बरोबर दिसतं, व्हॅक्यूम मात्र घसरतो. मॅप सेन्सर म्हणतो, इंजिनवर लोड आहे. मग पेट्रोल वाढतं. सेन्सर खरंच सांगत असतो, आणि आपण त्यालाच बदलतो!

इंजिन गरम करा, एसी बंद ठेवा, गेज थ्रॉटलच्या इंजिनकडच्या बाजूला जोडा. काटा स्थिर पण कमी असेल तर एकेक व्हॅक्यूम पाईप चिमटून बघा. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, बॉनेटखालचं रबर कडक होऊन तडकतं. प्लगच्या वायरी सांभाळून गॅस्केटच्या सांध्यावर पाण्याचा बारीक फवारा मारा. काटा हलला तर गळती तिथेच. गळती नसेल तर इग्निशन टायमिंग बघा, टायमिंग बेल्ट एखादा दात सरकलाय का तेही बघा. काटा ठरावीक लयीत खाली पडतो? व्हॉल्व्हवर संशय, कॉम्प्रेशन तपासा. २५०० आरपीएमवर धरल्यावर हळूहळू उतरतो? एक्झॉस्ट तुंबलाय.

हे टाळू नका. ब्रेकचा बूस्टर याच व्हॅक्यूमवर चालतो. त्याचा पाईप चिरलेला असेल, तर चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे घाट उतरताना पेडल दगडासारखं कडक होतं. घाटात जायच्या आधी तो पाईप हाताने चाचपून बघा.