दुसरा नमुना दिल्याशिवाय उठायचं नाही

आज आपण रक्ताच्या एका तपासणीबद्दल बोलणार आहोत. तिचं नाव ट्रोपोनिन. छातीत दुखणाऱ्या माणसाला हार्ट अटॅक आलाय की नाही, हे ठरवायला दवाखान्यात ती करतात. आम्हाला ती एका सकाळी कळली.

आमच्या गटातल्या एका काकूंना पहाटे ५ वाजता धार काढताना छातीवर दगड ठेवल्यासारखं वाटायला लागलं. घाम सुटला, मळमळलं. त्या म्हणाल्या, "पित्त झालंय, ओवा खाते." सुनेनं ऐकलं नाही. तिनं १०८ ला फोन लावला आणि सव्वासहाला आम्ही दोघी-तिघी त्यांच्यासोबत दवाखान्यात होतो. ईसीजी काढला, त्यात ठाम काही दिसलं नाही. रक्त तपासलं, रिपोर्ट नॉर्मल आला. काकू पदर सावरून उठल्याच. "झालं ना? चला, गाय तशीच उभी आहे." आम्हीही चपला शोधायला लागलो. सिस्टरांनी अडवलं. "तीन तासांनी पुन्हा रक्त घ्यायचंय. तोवर यांना हलू देऊ नका." खरं सांगतो, आम्हाला राग आला. रिपोर्ट नॉर्मल आहे, तर पुन्हा सुई कशाला? पुन्हा पैसे कशाला?

ते का, हे आम्ही नंतर डॉक्टरांकडून समजून घेतलं. ट्रोपोनिन हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन आहे. निरोगी माणसाच्या रक्तात ते अगदी नाममात्र असतं. हृदयाला रक्त पुरवणारी वाहिनी तुंबली की स्नायूला इजा होते आणि हे प्रथिन रक्तात झिरपायला लागतं. पण त्याला वेळ लागतो. भरलेल्या मडक्याला बारीक तडा गेला, तर लगेच कळत नाही. थोड्या वेळानं चुंबळीला हात लावला की ओल लागते. तसंच हे आहे. दुखायला लागल्यावर तासाभरात रक्त घेतलं, तर तडा गेलेला असूनही ओल दिसणार नाही.

म्हणून डॉक्टर दोनदा रक्त घेतात आणि दोन आकड्यांत फरक पडला का ते बघतात. मोठ्या दवाखान्यांत अगदी थोडं ट्रोपोनिनही मोजणारी नवी तपासणी असते. तिथे दुसरा नमुना एक ते तीन तासांत घेता येतो. लहान दवाखान्यांत कधी कार्डावर तपासणी होते. गरोदरपणाच्या तपासणीसारखंच कार्ड, त्यावर रेघा उमटतात. त्याला थोडं ट्रोपोनिन दिसत नाही, म्हणून दुसऱ्या तपासणीसाठी जास्त वेळ, कधी सहा तासही थांबावं लागतं.

नव्या तपासणीचा मोठा उपयोग असा, की अटॅक नाही हे लवकर सांगता येतं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरोच्या डॉक्टरांनी २०१५ साली सहा हजारांहून जास्त रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्याच नमुन्यात ट्रोपोनिन लिटरमागे ५ नॅनोग्रॅमपेक्षा कमी असलेल्या हजार माणसांपैकी सुमारे ९९६ जणांना अटॅक नव्हता आणि पुढच्या महिनाभरातही हृदयाचा मोठा धोका झाला नाही. अशा माणसाला विनाकारण भरती व्हावं लागत नाही, खर्च वाचतो. पण दुखणं नुकतंच सुरू झालं असेल, तर तिथेही एका नमुन्यावर भागत नाही.

आता तीन गोष्टी नीट ऐका.

पहिली, ईसीजीत अटॅक स्पष्ट दिसला, तर रक्ताच्या रिपोर्टची वाट बघत नाहीत, लगेच उपचार सुरू करतात. आपणही "आधी रिपोर्ट येऊ द्या" म्हणून अडून बसायचं नाही.

दुसरी, ट्रोपोनिन वाढलं म्हणजे अटॅकच, असं नाही. किडनीचा आजार, हृदयाची सूज, फुप्फुसात अडकलेली गाठ, अंगात भिनलेला जंतुसंसर्ग यांतही ते वाढतं. म्हणून बीपी, शुगर, किडनीचा त्रास असेल तर तो सांगा, चालू गोळ्या सोबत न्या.

तिसरी, दोन्ही नमुने नॉर्मल आले तरी दुखण्याचं कारण शोधायचं राहतंच. वाहिनी अरुंद झालेली असूनही स्नायूला इजा झाली नसेल, तर ट्रोपोनिन वाढत नाही. डॉक्टरांनी पुन्हा बोलावलं तर जायचं.

आपल्या बायकांचं आणखी एक आहे. अटॅकमध्ये आपल्यालाही छातीतच दुखतं, पण सोबत धाप, मळमळ, जबड्यात किंवा पाठीत कळ, कमालीचा थकवाही असू शकतो. मग आपण पित्त म्हणून, कामाचा शीण म्हणून अंगावर काढतो. नव्या तपासणीत बायकांची नॉर्मलची मर्यादाही पुरुषांपेक्षा कमी धरतात. रिपोर्ट हातात आला की "बायकांच्या हिशेबानं हा आकडा ठीक आहे ना?" असं विचारायला लाजू नका.

आणि दुखणं किती वाजता सुरू झालं, ते लक्षात ठेवून सांगा. "सकाळपासून" असं नको. "धार काढताना, ५ वाजता" असं सांगा. रक्त पुन्हा कधी घ्यायचं, ते त्यावरच ठरतं.

काकूंचं काय झालं? सव्वानऊला दुसरा नमुना घेतला. आकडा कितीतरी पटींनी वाढला होता. त्यांना तातडीनं पुढच्या दवाखान्यात पाठवलं, तिथे तुंबलेली वाहिनी मोकळी केली. आज त्या बैठकीला येतात, हप्ता वेळेवर भरतात. त्या सकाळी आम्ही चपला घालून निघालो असतो, तर वाटेत काय झालं असतं, हे आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

पुढच्याच बैठकीत आम्ही वहीत दोन ठराव लिहिले. गटातली कुणी दवाखान्यात असेल, तर तिच्या दोन तपासण्यांचा खर्च अंतर्गत कर्जातून त्याच दिवशी द्यायचा. आणि तिची गाय कोण पिळणार, हे शेजारच्या दोघींनी आधीच ठरवून ठेवायचं. कारण काकूंना घरी ओढत होती ती गायच. तुमच्या गटातही हे एकदा बोलून घ्या.