ओठांना लावलेले पोटात जाते

एप्रिल आला की साक्रीतल्या आपल्या वस्त्यांत दोन गोष्टींची घाई उडते. एक जयंतीच्या मिरवणुकीची, दुसरी लग्नांची. बाजारात हातगाडीवर वीस रुपयांना लिपस्टिक मिळते आणि पाच वर्षांची पोरसुद्धा आरशासमोर ओठ रंगवून घेते. गेल्या वर्षी एका हळदीला एकच कांडी पाच-सहा जणींनी फिरवून लावली. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या एकीचे ओठ सुजले, साल निघू लागली. तेव्हापासून बहिणी आम्हाला विचारतात, या लिपस्टिकमध्ये असते तरी काय?

बरेचसे घटक आपल्या ओळखीचेच आहेत. कांडी ताठ उभी राहते ती मेणामुळे. मधमाश्यांचे मेण किंवा ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचे मेण त्यासाठी वापरतात. ओठांवर ती सरकते आणि चकाकते ती तेलामुळे, आणि हे तेल बहुधा एरंडेल असते. जगात सगळ्यांत जास्त एरंडी भारतात पिकते, त्यातही आपल्या शेजारच्या गुजरातमध्ये. आजीबाया म्हणतात की यात जनावराची चरबी असते. काही लिपस्टिकमध्ये मेंढीच्या लोकरीतून काढलेला स्निग्ध पदार्थ असतो खरा, पण त्यासाठी मेंढी मारत नाहीत. काही लाल रंग मात्र निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांपासून काढतात. त्याला कार्माइन म्हणतात. बाकी रंगांत लोखंडाची ऑक्साइडे (गंजाच्याच जातीची), पांढरे टिटॅनियम डायऑक्साइड, चमकीसाठी अभ्रक आणि कारखान्यात बनवलेले रंग येतात. वर थोडा सुगंध. ओठ सुजतात, खाजतात ते पुष्कळदा या सुगंधामुळे किंवा रंगामुळे. असे झाले तर ती लिपस्टिक बंद करावी, ओठांना साधे व्हॅसलीन लावावे आणि सूज उतरली नाही तर दवाखाना गाठावा.

खरी काळजी शिशाची. शिसे कोणी मुद्दाम घालत नाही. मातीतून काढलेल्या खनिज रंगांबरोबर ते किंचित येते. भारतात रंगासाठी शिशाची किंवा आर्सेनिकची संयुगे वापरायला कायद्याने बंदी आहे आणि नकळत आलेल्या जड धातूंना शिशाच्या हिशेबाने दहा लाख भागांत २० भागांची मर्यादा आहे. अमेरिकेच्या सरकारी अन्न व औषध खात्याने ४०० लिपस्टिक तपासल्या, तेव्हा सरासरी १.११ भाग आणि सर्वांत जास्त ७.१९ भाग शिसे निघाले. चार ग्रॅमच्या कांडीत सरासरीने साडेचार मायक्रोग्रॅमच्या आसपास, म्हणजे एका मिलिग्रॅमच्या दोनशेव्या भागाहूनही कमी. मोठ्या बाईने लग्नाकार्यात लावली तर घाबरण्यासारखे काही नाही.

पण हा हिशेब तपासलेल्या मालाचा आहे. नाव नाही, पत्ता नाही अशा कांडीत कोणता रंग घातला हे कोण सांगणार? ओठांवरचे चहाबरोबर, भाकरीबरोबर पोटात जाते. शिसे अंगात साठते, लेकरांच्या मेंदूच्या वाढीला बाधते आणि गरोदर बाईकडून पोटातल्या बाळापर्यंत पोचते. लेकरांसाठी सुरक्षित म्हणावे असे शिशाचे प्रमाण वैद्यकशास्त्राला सापडलेले नाही. म्हणून लहान पोरींना लिपस्टिक नकोच. त्या ती चाटतात, कधी चावूनही खातात.

बेनाव प्रसाधनाने काय होते ते अकोल्यात दिसले. तिथल्या एका घरातल्या तीन बायकांच्या, आई आणि दोन लेकींच्या, मूत्रपिंडांना इजा झाली. २०२३च्या सुरुवातीला ही बातमी आली. त्या गोरे होण्याची क्रीम लावत होत्या आणि त्या क्रीममध्ये पारा निघाला. वस्तू वेगळी, पण धोका त्याच वाटेने आला. डोळ्यांची प्रसाधने सोडली तर कोणत्याही प्रसाधनात दहा लाखांत एका भागाहून जास्त पारा चालत नाही. आणि गोरे होण्याचा हा सोस आपल्या पोरींना कोणी लावला, हाही प्रश्न आम्हाला छळतो.

घेताना किंमत पाहू नका, कागद पाहा. महाग ब्रँडची हुबेहूब नक्कलही बाजारात असते. बनवणाऱ्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, कधीपर्यंत वापरायची ती तारीख आणि घटकांची यादी, यांतले काही नसेल तर ठेवून द्या. घरातल्या जुन्या कांडीला खवट वास येत असेल किंवा तिच्यावर थेंब सुटले असतील तर टाकून द्या.

एकच कांडी सगळ्यांनी लावू नये. कोणाच्या ओठांवर पाण्याच्या बारीक पुळ्या असतील तर त्यांचा संसर्ग दुसरीला होतो. नवरीला सजवणाऱ्या बाईला सांगा, लिपस्टिक खरवडून स्वच्छ काडीने लावा. झोपण्याआधी खोबरेल तेलाने पुसून काढा.

संशयास्पद माल दिसला तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. त्यांचे कार्यालय धुळ्याला आहे आणि १८००२२२३६५ हा त्यांचा मोफत क्रमांक आहे. तक्रार करायची असेल तर कांडी, तिचे खोके आणि मिळाली असेल तर पावती जपून ठेवा.