लिव्हर परत वाढतं, पण साठीतही?

मागच्या एपिसोडनंतर बऱ्याच जणांनी विचारलं, "लिव्हर कापलं तरी परत येतं ना? मग दात्याचं वय कशाला बघायचं?"

मी डॉक्टर नाही, कोड लिहून पोट भरतो. पण हा वाद आमच्याच घरात झालाय. काकांना लिव्हर लागणार होतं. बाबा, वय ६१, हट्टाला पेटले: "माझ्या भावाला मीच देणार, पोराला हात लावायचा नाही." डॉक्टरांनी काकांच्या मुलाला निवडलं, तो २६चा. बाबा दोन दिवस जेवले नाहीत धड.

आधी एक गोष्ट. कापलेला तुकडा पालीच्या शेपटीसारखा परत उगवत नाही, उरलेला भाग मोठा होतो. १९३१ साली हिगिन्स आणि अँडरसन यांनी उंदरांच्या लिव्हरचा दोन-तृतीयांश भाग काढला, तर दहाएक दिवसांत वजन जवळपास भरून आलं. माणसाला काही आठवडे ते महिने लागतात.

आता गंमत बघा. जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांनी २०२२ मध्ये कार्बन-१४ वापरून लिव्हरच्या पेशींचं वय काढलं. २० वर्षांचा माणूस असो की ८४ वर्षांचा, पेशींचं सरासरी वय तीन वर्षांपेक्षा कमीच! मग म्हातारपणी अडतं कुठे?

अडतं अचानक लोड आल्यावर. रोजची डागडुजी चालू असते हो, पण एकदम ६० टक्के भाग गेला की पेशींना झटपट विभागावं लागतं. उतारवयात त्या उशिरा जाग्या होतात आणि कमी संख्येने. रक्तपुरवठाही घटलेला असतो. शिवाय पेशींच्या आत एक ब्रेक बसतो: दोन प्रथिनं जोडी करून विभाजनाची जनुकं दाबून ठेवतात. २००५ मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने म्हाताऱ्या आणि तरुण उंदरांचं रक्ताभिसरण जोडलं, तेव्हा ही जोडी कमी झाली आणि म्हाताऱ्या लिव्हरच्या पेशी जास्त विभागू लागल्या. म्हणजे बिघाड फक्त पेशीत नाही, तिला रक्तातून मिळणाऱ्या संदेशांतही आहे. (म्हणून 'तरुण रक्त' विकत घ्यायला धावू नका. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्येच त्याविरुद्ध इशारा दिलाय.)

बाबांचा पुढचा प्रश्न बिनतोड होता: "मग सत्तरीतल्या मृत माणसाचं लिव्हर कसं चालतं?" चालतं, कारण ते अख्खं बसवतात, त्याला दुप्पट व्हायचं नसतं. जिवंत दात्याच्या बाबतीत मात्र दोन माणसांत दोन अर्धवट लिव्हर एकाच वेळी वाढायची असतात. हे ऐकल्यावर बाबा सहीला तयार झाले.